मानेतली चकती : हलती ठेवायची की सांधून टाकायची?

गेल्या काही महिन्यांत तुमचे सगळ्यात जास्त मेसेज एकाच विषयावर आलेत. मान. "एमआरआयमध्ये सी-फाइव्ह सी-सिक्सला डिस्क बल्ज दाखवतंय, नेटवर आर्टिफिशियल डिस्कबद्दल वाचलं, हे नक्की काय असतं?" अशा धर्तीचे. मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. त्यामुळे कोणी काय उपचार घ्यावा हे मी सांगणार नाही. इतिहास मात्र सांगू शकतो, आणि हा इतिहास भारी आहे. त्यात एक स्टीलची गोळी आहे, एक ऑलिंपिक विजेती आहे, आपलं परळचं केईएम आहे. आणि वरळी कोळीवाड्यात राहणाऱ्या माणसाला टाळता न येणारा एक प्रश्नही आहे: हे सगळं संशोधन ज्या मानांवर झालं, त्या माना कोणाच्या होत्या?

आधी थोडी ओळख. मानेत सात मणके. सगळ्यात वरच्या दोघांच्या मध्ये चकती नसते. तिथे नुसता सांधा असतो, आणि आपण "नाही नाही" म्हणून मान हलवतो त्यातली जवळपास निम्मी फिरकी त्या एकट्या जोडीतून येते. त्याच्या खाली प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक चकती. बाहेरून चिवट कडं, आत मऊ गर. वय वाढतं तशी ती सुकते, चपटी होते. कधी आतला गर मागे सरकून हाताकडे जाणाऱ्या नसेवर दाब देतो. कधी थेट मज्जारज्जूवर. आपल्याकडे याला सरसकट "मणक्यात गॅप पडलाय" म्हणतात. गंमत अशी की प्रत्यक्षात बहुतेक वेळा गॅप कमी झालेला असतो.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती पुढे लागणार आहे. १९९० साली अमेरिकेत स्कॉट बोडेन आणि सहकाऱ्यांनी मानेचा काहीही त्रास नसलेल्या ६३ जणांचे एमआरआय काढले. चाळिशीच्या आतल्यांपैकी २५ टक्के लोकांच्या मानेत निदान एक चकती झिजलेली किंवा चपटी झालेली निघाली. चाळिशीच्या पुढे हे प्रमाण ६० टक्क्यांच्या जवळ गेलं. ही सगळी धडधाकट माणसं होती. म्हणजे रिपोर्टवर "डिजनरेशन" हा शब्द दिसणं आणि त्या शब्दामुळे मान दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट १९९४ची. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रोचेस्टर नावाचं गाव आहे. तिथे १९७६ ते १९९० या काळात मानेतली नस दबून हात दुखू लागलेल्या ५६१ जणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. संशोधकांमधलं पहिलं नाव होतं के. राधाकृष्णन, जे पुढे तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचे संचालक झाले. शस्त्रक्रिया झाली होती साधारण चौघांतल्या एकावर. शेवटच्या तपासणीला सुमारे ९० टक्के लोकांना एकतर काहीच त्रास नव्हता, नाहीतर अगदी किरकोळ होता. त्यामुळे आपण आज ज्या यंत्राची गोष्ट ऐकणार आहोत, ते बहुतेकांना लागतच नाही हे लक्षात असू द्या.

पण ज्यांना लागतं त्यांचं काय?

१९५०च्या दशकात दोन ठिकाणी जवळपास एकाच वेळी एक युक्ती निघाली. बाल्टिमोरला रॉबिन्सन आणि स्मिथ, आणि हवाई बेटांवरच्या होनोलुलूत राल्फ क्लॉवर्ड. मान मागून उघडण्याऐवजी समोरून जायचं. श्वासनलिका आणि अन्ननलिका हळूच बाजूला सारायची, की थेट मणके समोर. खराब चकती काढायची, मोकळ्या जागेत रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा बसवायचा. काही महिन्यांत दोन मणके मिळून एकच हाड होतं. हेच फ्यूजन. ऐकायला भयंकर वाटतं, पण ते चालतं. हाताची कळ थांबते. एका पातळीवर सांधलं तर मानेची हालचाल किती कमी झाली हे बऱ्याच जणांना जाणवतही नाही. गेली साठ-सत्तर वर्षं हाच मुख्य रस्ता आहे.

मग प्रश्न काय होता? शेजारी. एक सांधा बंद केला की त्याच्या वाटची हालचाल वरच्या आणि खालच्या सांध्याला करावी लागणार, मग तेही लवकर झिजणार, असं डॉक्टरांना वाटायचं. १९९९ साली ॲलन हिलिब्रँड आणि सहकाऱ्यांनी ३७४ रुग्णांचा हिशेब छापला. फ्यूजननंतर दरवर्षी साधारण २.९ टक्के लोकांना शेजारच्या पातळीवर नवा त्रास सुरू होत होता. दहा वर्षांत साधारण चौघांत एक. हा आकडा या क्षेत्रातल्या प्रत्येक भाषणात येतो. पण तो काय सांगत नाही तेही बघा. शेजारची चकती फ्यूजनमुळे गेली, की तशीही जाणारच होती? ज्याची एक चकती पन्नाशीत गेली त्याची दुसरी साठीत जाणं काही नवल नाही. दोन्ही एकत्र दिसतात म्हणून एकामुळे दुसरं झालं असं होत नाही. आम्ही लोक सर्व्हरचे लॉग बघताना हा नियम दिवसातून चारदा पाळतो.

तरीही कल्पना मोहात पाडणारी होती. सांधण्याऐवजी हलणारी चकतीच बसवली तर?

तसा प्रयत्न फार आधी झाला होता. स्वीडनचे सर्जन उल्फ फर्नस्ट्रोम यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून चकतीच्या जागी चक्क स्टीलची गोळी ठेवायला सुरुवात केली. बॉल बेअरिंगमधली असते तशी. मुख्यतः कमरेत, थोड्या जणांच्या मानेत. १९६४ साली दक्षिण आफ्रिकेत राइट्झ आणि झुबेर यांनीही मानेत धातूच्या गोळ्या घातल्याचं प्रसिद्ध केलं. अडचण शाळेतल्या भौतिकशास्त्राची होती. गोल गोळी सपाट हाडाला एका छोट्याशा बिंदूवर टेकते, सगळा भार त्या बिंदूवर येतो, आणि कठीण स्टील मऊ हाडात रुतत जातं. गोळ्या खचल्या. कल्पना पंचवीस वर्षं मागे पडली.

पुढचं पाऊल पूर्व बर्लिनमध्ये पडलं, तेही कमरेसाठी. शारिटे हॉस्पिटलमध्ये कुर्त शेलनाक आणि कारिन ब्युटनर-यान्त्स यांनी दोन धातूच्या ताटल्या आणि मध्ये सरकणारा प्लास्टिकचा गाभा अशी चकती बनवली. १९८४ साली ती पहिल्यांदा माणसात बसली. या कारिनबाई म्हणजे १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदकं जिंकलेल्या कारिन यान्त्स. स्वतःचा कणा धनुष्यासारखा वाकवणारी खेळाडू पुढे कण्याची सर्जन होते आणि हलणाऱ्या चकतीच्या मागे लागते. असं कथानक एखाद्या वेबसिरीजमध्ये असतं तर आपण म्हटलं असतं, लेखकाने जरा जास्तच केलं.

मानेसाठीची आधुनिक चकती ब्रिस्टलमधून आली. तिथल्या फ्रेंचे हॉस्पिटलमध्ये ब्रायन कमिन्स यांनी हॉस्पिटलच्याच कार्यशाळेत स्टीलचा एक छोटा सांधा घडवून घेतला. एका भागात वाटी, दुसऱ्यावर गोळा, दोन्ही स्क्रूने मणक्यांना पक्के. साधारण १९९०च्या आसपास त्या शस्त्रक्रिया झाल्या आणि १९९८ साली वीस रुग्णांचा अनुभव छापून आला. त्यातल्या बहुतेकांची मान आधीच कुठे ना कुठे सांधलेली होती, म्हणजे आणखी सांधायला जागा नव्हती. काहींचे स्क्रू तुटले किंवा सैल झाले. पण बहुतेकांच्या मानेत सांधा हलत राहिला. पुढे एका मोठ्या अमेरिकी कंपनीने हीच रचना सुधारत नेली, आणि जुलै २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने मानेच्या पहिल्या कृत्रिम चकतीला परवानगी दिली. तिचं नाव प्रेस्टीज. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रोडिस्क-सी, २००९ मध्ये ब्रायन, २०१३ मध्ये मोबी-सी. मोबी-सीला एकाऐवजी दोन पातळ्यांसाठीही परवानगी मिळाली.

ही परवानगी कशाच्या जोरावर मिळाली? मला सगळ्यात जास्त रस आहे तो इथे.

प्रेस्टीजच्या ट्रायलमध्ये ५४१ रुग्ण होते, ३२ केंद्रांवर. चिठ्ठी टाकून अर्ध्यांना चकती, अर्ध्यांना फ्यूजन. तुमच्यापैकी ज्यांनी ए-बी टेस्टिंग केलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. पण पास होण्याची अट काय होती ते ऐका. नव्या चकतीने फ्यूजनला हरवायची गरज नव्हती. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वाईट नाही एवढं दाखवलं तरी चालणार होतं. आणि "यश" हा एक आकडा चार गोष्टींचा मिळून बनवला होता. प्रश्नावलीतले गुण पुरेसे सुधारले, नसांचं काम बिघडलं नाही, यंत्रामुळे गंभीर काही झालं नाही आणि त्याच जागी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली नाही. चारही जमलं तर यश. कृत्रिम चकतीने हे केलं, काही मोजमापांत फ्यूजनपेक्षा चांगलंही केलं. सात वर्षांनंतरच्या अहवालांतही पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागलेल्यांचं प्रमाण चकतीवाल्यांत कमी दिसलं, विशेषतः दोन पातळ्यांच्या रुग्णांत.

मग झालं की काम? थांबा जरा. शस्त्रक्रियेनंतर आपल्याला काय बसवलंय हे या ट्रायलमधल्या रुग्णांना माहीत होतं. डॉक्टरांना तर होतंच. ट्रायलचा खर्च चकती विकणाऱ्या कंपन्यांचा होता. आणि माणूस ट्रायलमध्ये येतो तो नव्या गोष्टीच्या आशेने. ब्रायन चकतीच्या ट्रायलमध्ये प्रत्यक्ष शस्त्रक्रिया ४६३ जणांवर झाली, पण चिठ्ठी निघाल्यावर नाव मागे घेतलेलेही बरेच होते, आणि त्यांत फ्यूजनची चिठ्ठी आलेले जास्त होते. राहिले त्यांतल्या फ्यूजनवाल्याला "मला जुनंच मिळालं" असं वाटत राहणार, आणि दुखण्याचे गुण तोच भरणार. शिवाय पुन्हा शस्त्रक्रिया करायची का, हे सर्जन ठरवतो. फ्यूजनवाल्याच्या एक्स-रेवर "हाड जुळलं नाही" असं दिसू शकतं आणि ते दुरुस्त करायला पुन्हा आत जावंसं वाटतं. चकतीच्या बाबतीत जुळण्याचा प्रश्नच नाही. यात कोणी खोटं बोलतंय असं मी म्हणत नाही. मोजपट्टी थोडी एका बाजूला कललेली आहे, एवढंच.

मग युरोपात काही लोकांनी रुग्णाला न सांगता हीच तुलना केली. नॉर्वेत १३६ रुग्ण घेतले. आपल्या मानेत काय आहे हे रुग्णांना दोन वर्षं माहीत नव्हतं. २०१७ साली निकाल छापला: दोन्ही गटांत त्रास सारखाच कमी झाला. नेदरलँड्सवाल्यांनी तर कमाल केली. कार्मेन फ्लेगेर्ट-लांकाम्प यांच्या चमूने १०९ रुग्णांचे तीन गट केले. एकाला कृत्रिम चकती. दुसऱ्याला फ्यूजन. तिसऱ्याची चकती फक्त काढली, जागा रिकामी सोडली, काहीच बसवलं नाही. दोन वर्षांनी तिन्ही गट जवळपास सारखे. २०१९चा हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा वर जाऊन तक्ता बघितला. हाताची कळ थांबवणारी गोष्ट म्हणजे नसेवरचा दाब काढणं, आणि तो तिघांचाही काढला होता. त्यानंतर जागेत काय ठेवलं याने दोन वर्षांत फारसा फरक पडला नाही.

दोन वर्षं हा छोटा काळ आहे, हे खरं. शेजारची चकती झिजायला दहा-पंधरा वर्षं लागतात. त्यामुळे चकतीवाल्यांचा दावा खोटा ठरला असं म्हणता येत नाही. आणखी एक गुंता आहे. काही रुग्णांच्या शरीरात कृत्रिम चकतीच्या भोवती हळूहळू हाड वाढतं आणि शेवटी ती हलायची थांबते. महागडं यंत्र आत, आणि शरीराने स्वतःच फ्यूजन करून टाकलेलं.

आता परळला येऊ.

केईएम १९२६ साली सुरू झालं. तिथला न्यूरोसर्जरी विभाग होमी दस्तूर यांनी १९५०च्या दशकात उभा केला. पुढे तिथेच सुनील पंड्या होते, जे सर्जन म्हणून जितके ओळखले जातात तितकेच वैद्यकीय नीतिमत्तेवरच्या लिखाणासाठी. आणि तिथेच अतुल गोयल. १९९४ साली गोयल आणि ऑर्थोपेडिक सर्जन विजय लाहेरी यांनी मानेच्या सगळ्यात वरच्या दोन मणक्यांचा सांधा पक्का करायची एक पद्धत छापली. मी सुरुवातीला म्हटलं ना, चकती नसलेली ती जोडी. सांधा उघडायचा, आत हाड भरायचं, दोन्ही बाजूंना पट्टी आणि स्क्रू. स्क्रू अशा जागी जातात जिथे मिलिमीटरचा फरक म्हणजे मेंदूकडे रक्त नेणारी धमनी. २००२ मध्ये याच पद्धतीच्या १६० रुग्णांचा अहवाल आला. दरम्यान २००१ मध्ये जर्मनीत युर्गेन हार्म्स यांनी पट्टीऐवजी दांडी वापरून असंच केलं, आणि बराच काळ जग याला हार्म्सची पद्धत म्हणत राहिलं. आता पुस्तकांत "गोयल-हार्म्स" असं लिहितात. नावातला तो पहिला शब्द परळमधून गेलाय.

पण आजच्या विषयाला लागतं ते यानंतरचं. गोयल यांचं म्हणणं वर्षानुवर्षं एकच राहिलं: झिजलेल्या मानेत मूळ दोष दाबाचा नसून डळमळीतपणाचा आहे. सांधा सैल होतो, आणि हाडाचे जे काटे एक्स-रेवर आपल्याला घाबरवतात ती शरीराने स्वतः केलेली टेकणी आहेत. २०११ मध्ये अभिधा शाह यांच्यासोबत त्यांनी एक प्राथमिक अहवाल छापला. त्यात चकतीला हातच लावला नव्हता. मणक्यांच्या मागच्या बाजूच्या छोट्या सांध्यांत पाचर ठोकावी तसे धातूचे तुकडे बसवून सांधा उंच आणि पक्का केला. म्हणजे बघा, पश्चिमेत वीस वर्षं "हालचाल वाचवा" असा जप चालू असताना परळमधून अगदी उलटा आवाज येत होता: हालचाल हाच आजार आहे, ती थांबवा.

कोण बरोबर? माझं मत सांगतो. गोयल यांची कल्पना धाडसी आहे आणि वरच्या जोडीच्या बाबतीत जगाने ती मान्यही केली. पण खालच्या मानेसाठी तो २०११चा अहवाल एकाच विभागाचा होता. समोर तुलनेचा गट नव्हता, चिठ्ठ्या नव्हत्या. म्हणजे अमेरिकेत ट्रायल मोठी पण मोजपट्टी कललेली, आणि आपल्याकडे विचार ताजा पण तुलना नाही.

आता तो कोळीवाड्याचा प्रश्न. वरच्या सगळ्या ट्रायलमध्ये त्रास मोजायची मुख्य फूटपट्टी एकच आहे: नेक डिसॅबिलिटी इंडेक्स. कॅनडातल्या हॉवर्ड व्हर्नन आणि सिल्व्हानो मिओर यांनी ती १९९१ साली छापली. दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. दुखणं, अंघोळ-कपडे, उचलणं, वाचणं, डोकेदुखी, एकाग्रता, काम, गाडी चालवणं, झोप, करमणूक. मी ती एकदा घरी बसून आजीला विचारली, नुसतं बघायला. तिने पन्नासेक वर्षं डोक्यावर पाटी घेऊन मासे विकलेत. "वाचताना मान दुखते का?" "वाचते कुठे मी?" "गाडी चालवताना?" यावर ती फक्त हसली. उचलण्याच्या प्रश्नात जड वस्तू टेबलावर नीट ठेवली असेल तर उचलता येते का, अशी पायरी आहे. पाटी डोक्यावर चढवायला समोरून दुसरी बाई हात देते, मग चुंबळीवर ती बसते, मग घामाने निथळत उभ्याने चालायचं. या कामासाठी त्या दहा प्रश्नांत एकही ओळ नाही. कमरदुखीची ऑस्वेस्ट्री प्रश्नावली, जिच्यावरून ही मानेची बेतली, तिचं तपासलेलं मराठी रूप २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. चांगलं काम आहे ते. पण भाषांतराने प्रश्न मराठी होतो, काम मराठी होत नाही.

आणि फक्त प्रश्नावलीच नाही. ट्रायलमध्ये कोणाला घ्यायचं याचे नियम बघा. प्रोडिस्क-सीच्या ट्रायलमध्ये वय १८ ते ६०. हाडं ठिसूळ असलेल्यांना प्रवेश नाही. मागचे छोटे सांधे खूप झिजलेल्यांनाही नाही. नुसती मान दुखते म्हणूनही नाही, हातात कळ किंवा नस दबल्याच्या खुणा हव्यात. हे नियम चुकीचे नाहीत, ठिसूळ हाडात चकती रुतेल म्हणूनच ते आहेत. फर्नस्ट्रोमच्या गोळीने तेच शिकवलं होतं. पण परिणाम असा की ज्या मानेने आयुष्यभर वजन वाहिलं, ती मान या पुराव्यात नाहीच.

अशा माना आपल्याकडे थोड्या नाहीत. ज्या राज्यात माथ्यावर ओझं वाहणाऱ्यांसाठी १९६९ साली स्वतंत्र कायदा झाला आणि "माथाडी" हा शब्द कायद्याच्या नावातच आला, ते हे राज्य. त्याच्या एक वर्ष आधी, १९६८ मध्ये, आजच्या हरारे शहरात काम करणारे न्यूरोसर्जन लॉरेन्स लेव्ही यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डोक्यावरून ओझं वाहणाऱ्यांच्या मानेच्या इजांवर लेख लिहिला होता. त्या आजाराला त्यांनी नावच दिलं "हमालाची मान". उलट २०१४ मध्ये न्यूयॉर्कचे सर्जन केनेथ हंसराज यांनी फोनमध्ये डोकं घालून ६० अंशात वाकलं तर मानेवर साधारण २७ किलो भार येतो असं गणित मांडलं, आणि जगभर हेडलाइन झाली. ते कॉम्प्युटरवरच्या मॉडेलचं गणित होतं, त्यात एकही रुग्ण नव्हता. आपल्या पिढीच्या मानेला लगेच नाव मिळालं, "टेक्स्ट नेक". पाटीवाल्या मानेला चुंबळ मिळाली.

शेवटी एक मुंबईची गोष्ट, मानेची नाही पण याच्याशी जोडलेली. यंत्र शरीरात गेल्यावर त्याचं पुढे काय होतं हे कोण लिहून ठेवतं? २०१० साली ऑगस्टमध्ये एएसआर नावाचा धातूचा खुबा जगभरातून परत मागवला गेला. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये बसवलेल्या प्रत्येक खुब्याची राष्ट्रीय नोंदवही आहे. कोणता खुबा लवकर बाद होतोय हे तिथे आकड्यांत दिसलं. ब्रिटनच्या नोंदीत पाच वर्षांत सुमारे १३ टक्के खुबे पुन्हा बदलावे लागत होते. भारतात सुमारे ४,७०० एएसआर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रकरण लावून धरलं, केंद्राने २०१७ मध्ये समिती नेमली, २०१८ मध्ये भरपाईचं सूत्र ठरलं. पण तोवर साडेतीन हजारांहून जास्त रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. भरपाई द्यायची कोणाला?

खुब्यापेक्षा मानेची चकती नवी आहे, आणि ती तरुण माणसात बसते. पस्तिशीत बसवलेल्या चकतीला चाळीस वर्षं हलायचंय. आपल्याकडे क्लिनिकल ट्रायलची नोंदणी २००७ मध्ये सुरू झाली, २००९ पासून ती सक्तीची झाली. वैद्यकीय उपकरणांचे वेगळे नियम २०१८ पासून लागू आहेत. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण तुमच्या मानेतल्या चकतीचं दहा वर्षांनी काय झालं हे त्यांतून आपोआप कळत नाही.

म्हणून मेसेज करणाऱ्या मित्रांनो, डॉक्टरांकडे जाल तेव्हा इतिहासातले हे प्रश्न खिशात ठेवा. मला फक्त मानदुखी आहे की नस दबल्याच्या खुणा आहेत? काही आठवडे थांबून चालेल का? चालताना तोल जाणं, हाताची पकड सुटणं, शर्टाचं बटण लावायला त्रास होणं असं काही असेल तर मात्र थांबू नका, ती मज्जारज्जूची हाक असू शकते. आणि चकती बसवायचीच ठरली, तर तिच्या डब्यावरचं स्टिकर मागून घ्या. कंपनी, मॉडेल, क्रमांक. फोटो काढून क्लाउडवर टाका, कागद घरच्यांकडे द्या.

आजीचं विचाराल तर तिने कधी एमआरआय काढला नाही. संध्याकाळी तेल लावते, आणि मी लॅपटॉपवर वाकून बसलेला दिसलो की पाठीत एक धपाटा घालते.

पुढच्या भागात माथाडी कायद्याची अख्खी गोष्ट. भेटूच.